आधी बाटलीची पाठ वाचा

वाचकांचे प्रश्न : या वेळी कोरियन, जपानी, थाई आणि चिनी किराणा

या विषयावरच्या बहुतेक पत्रांत एकच गोष्ट वेगवेगळ्या तऱ्हेने विचारली आहे : परदेशी दिसणाऱ्या त्या फळीवरचे खरोखर काय विकत घ्यावे लागते, आणि काय मुंबईच्या बाजारात आधीपासूनच आहे? तेवढे धरूनच उत्तरे दिली आहेत. चमचा म्हणजे मोठा, १५ मिलिलिटरचा. लहान असेल तिथे तसे लिहिले आहे.

प्रश्न : मुलीला कोरियन मालिकांचे वेड आहे. तिने यादी हातात दिली : सोया सॉस, गोचुजांग, गोचुगारू, तिळाचे तेल, राइस व्हिनेगर, मिरिन, ऑयस्टर सॉस, मिसो, नोरी, राइस केक. एकूण रक्कम ऐकून मी दुकानातून तशीच परत आले. यातले आधी काय घेऊ, आणि कुठून?
— एक वाचक, डोंबिवली

उत्तर : तीनच गोष्टी घ्या : सोया सॉस, गोचुजांग आणि भाजलेल्या तिळाचे तेल.

गोचुजांग ही मिरची, आंबवलेले सोयाबीन, तांदूळ किंवा गहू आणि गोडवा यांची दाट पेस्ट असते. टोमॅटो केचप, लाल तिखट आणि गूळ यांचे कितीही मिश्रण केले तरी ती आंबवलेली चव येत नाही. पहिल्या खेपेला अर्ध्या किलोचा डबा घेऊ नका, २०० ग्रॅमच्या आसपासचा पुरतो. चौघांच्या एका भाजीला दीड-दोन चमचे लागतात.

तिळाच्या तेलात बहुतेकांची फसगत होते. आपल्या घाण्याचे तेल कच्च्या तिळाचे, फिकट आणि सौम्य. कोरियन-चिनी स्वयंपाकातले तेल आधी खरपूस भाजलेल्या तिळांचे, चहासारख्या रंगाचे. लेबलवर ‘टोस्टेड’ किंवा ‘रोस्टेड’ हे शब्द हवेतच. सोयाबीन तेलाशी ‘ब्लेंड’ केलेली बाटली स्वस्त पडते, पण वासच पातळ असतो, मग घेऊन उपयोग काय? हे तेल फोडणीला घालायचे नाही. गॅस बंद केल्यावर अर्धा लहान चमचा घालायचे. त्यामुळे १०० मिलिची बाटलीही महिनोन्महिने चालते.

बाकीचे थांबू शकते, नोरी (वाळवलेल्या समुद्री शेवाळाचा कागद) आणि राइस केक (तांदळाच्या पिठाच्या चिवट कांड्या) सुद्धा. गोचुगारू म्हणजे जाडसर कोरियन लाल तिखट, त्याचे काम ब्याडगी मिरची करते, त्याबद्दल खाली सविस्तर लिहिले आहे. राइस व्हिनेगरऐवजी घरातल्या पांढऱ्या व्हिनेगरमध्ये थोडे पाणी आणि चिमूटभर साखर घाला. मिरिन म्हणजे तांदळाची गोडसर जपानी वाइन, तिच्या एका चमच्याऐवजी पाऊण चमचा पाणी आणि पाव चमचा साखर चालते. मिसो ही आंबवलेल्या सोयाबीनची जपानी पेस्ट आहे, या यादीत त्याची गरज नाही. ऑयस्टर सॉस नंतर कधीतरी.

कुठून घ्यायचे हे वस्तूवर ठरते. सोया सॉस आणि व्हिनेगर डोंबिवलीतल्या कुठल्याही मोठ्या सुपरमार्केटमध्ये मिळेल, त्यासाठी लोकल पकडू नका. आयात बाटल्या-डबे एकाच फेरीत घ्यायचे तर क्रॉफर्ड मार्केट. तिथे एकाच डब्याचा भाव शेजारशेजारच्या दुकानांत वेगळा असतो, म्हणून दोन-तीन ठिकाणी विचारा आणि बिल मागा. रविवारी जाऊ नका, बरीच दुकाने बंद असतात. वांद्र्याची पाली मार्केट, अंधेरीचे लोखंडवाला आणि पवईचे हिरानंदानी या भागांत माल चांगला मिळतो, पण क्रॉफर्डपेक्षा महाग पडण्याची तयारी ठेवा. आकार निवडताना पाकिटावर छापलेला प्रति ग्रॅम किंवा प्रति मिलि दर बघा. मात्र मोठी बाटली दराने स्वस्त पडली तरी अर्धी फेकायची असेल तर ती महागच.

प्रश्न : सोया सॉसच्या तीन बाटल्या, तिन्ही काळ्या, आणि किमतीत चार-पाच पटींचा फरक. हा फक्त ब्रँडचा पैसा आहे का?
— एक वाचक, गिरगाव

उत्तर : नाही, माल वेगळा आहे. बाटली उलटी फिरवून घटक वाचा. पाणी, सोयाबीन, गहू, मीठ एवढेच असेल, किंवा जोडीला एखादे संरक्षक असेल, तर तो आंबवून केलेला सॉस. त्याला महिने लागतात, म्हणून महाग. ‘हायड्रोलाइज्ड व्हेजिटेबल प्रोटीन’, कॅरॅमल रंग म्हणजे १५० हा क्रमांक, आणि आम्ल असे दिसले तर प्रथिने आम्लाने तोडून काही दिवसांत तयार केलेला माल. गाडीवरच्या शेजवान राइसची ओळखीची चव याच दुसऱ्या सॉसची आहे. तीच हवी असेल तर खुशाल तो घ्या. पण काकडीवर, टोफूवर किंवा बुडवून खायला तो कडवट लागतो.

‘लाइट’ आणि ‘डार्क’ ही दुसरी गडबड. चिनी बाटलीवर लाइट म्हणजे कमी मिठाचा नव्हे. तो पातळ, फिकट आणि उलट जास्त खारट असतो. डार्क दाट, किंचित गोडसर, मुख्यतः रंगासाठी. चौघांच्या फ्राइड राइसला एक चमचा लाइट आणि अर्धा लहान चमचा डार्क पुरे. भात काळा आणि कडू होतो तो बहुधा डार्क चमच्याने ओतल्यामुळे. रक्तदाबाचा त्रास असलेल्यांनी ‘लेस सॉल्ट’ असे स्पष्ट लिहिलेली बाटली शोधावी, आणि तीही जपून.

गव्हाची ॲलर्जी असेल तर साधा सोया सॉस चालत नाही. ‘तामारी’ हा जपानी सोया सॉस घ्या आणि त्याच्याही घटकांत गहू नाही ना ते तपासा, कारण काही तामारीत थोडा असतो.

प्रश्न : नूडल्सच्या पाकिटावर ‘२६.०३.११’ असे छापलेले. दुकानदार म्हणाला, मार्च २०११ ची वस्तू कोण ठेवेल? पण मग ही तारीख वाचायची कशी?
— एक वाचक, माहीम

उत्तर : जपान, कोरिया आणि चीनमध्ये आधी वर्ष, मग महिना, मग दिवस लिहितात. म्हणजे ही ११ मार्च २०२६. कोरियन आणि जपानी पाकिटांवर ती बहुधा संपण्याची तारीख असते. चिनी पाकिटावर मात्र अनेकदा बनवल्याची तारीख आणि वेगळीकडे ‘१२ महिने’ किंवा ‘१८ महिने’ असे असते, ते मिळवून काढावे लागते. बनवल्याची तारीख संपण्याची समजून चांगला माल लोक परत ठेवतात. उलटही घडते, आणि ते जास्त वाईट.

थाई पाकिटावर २५६९ दिसले तर घाबरू नका. तो बौद्ध शक आहे, त्यातून ५४३ वजा करा : २०२६. तैवानच्या मालावर कधी ११५ असते, त्यात १९११ मिळवा : पुन्हा २०२६.

एवढी आकडेमोड करायची वेळ येऊच नये, कारण कायदेशीर आयात मालावर भारतीय आयातदाराचे नाव-पत्ता, एफएसएसएआयचा (अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा) १४ अंकी परवाना क्रमांक, शाकाहारी-मांसाहारी खूण आणि एमआरपी हवीच. यातले बरेचसे स्टिकरवर असते. ही माहिती कुठेच नसेल तर ती वस्तू बहुधा कुणाच्या तरी बॅगेतून आलेली असते. ती वाईटच असेल असे नाही, पण मधल्या काळात ती कुठे आणि किती उन्हात पडून होती हे सांगणारा कुणी नसतो. स्टिकर मूळ तारखेवरच चिकटवलेले असेल, तर ते पाकीट घेऊ नका.

‘एकावर एक मोफत’च्या टोपलीत बहुधा तारीख जवळ आलेला माल असतो. नूडल्स, व्हिनेगर किंवा सोया सॉस त्या मुदतीत संपणार असेल तर सौदा चांगला. नोरी, तिळाचे तेल आणि शेंगदाण्याचे सॉस तिथून घेऊ नका. तारीख उलटण्याआधीच त्यांना खवट वास लागलेला असतो.

प्रश्न : आम्ही शाकाहारी, सासूबाई जैन. हिरवा ठिपका बघितला की पुरे ना?
— एक वाचक, घाटकोपर

उत्तर : तुमच्यासाठी बहुतांशी पुरे, सासूबाईंसाठी नाही. हिरव्या चौकोनातले हिरवे वर्तुळ शाकाहारी, तपकिरी चौकोनातला तपकिरी त्रिकोण मांसाहारी. जुन्या मालावर तपकिरी वर्तुळही दिसेल. अंडे मांसाहारीत धरले जाते. पण कांदा, लसूण, आले यांबद्दल तो ठिपका काहीच सांगत नाही. गोचुजांगपासून थाई पेस्टपर्यंत लसूण जवळपास सगळीकडे असते, म्हणून जैन स्वयंपाकासाठी घटकांची ओळ वाचण्याला पर्याय नाही. साधा सोया सॉस, राइस व्हिनेगर, भाजलेल्या तिळाचे तेल आणि तांदळाच्या नूडल्स यांत सहसा अडचण येत नाही. आंबवलेले चालते का, हे सासूबाईंनाच विचारा.

मासे अनपेक्षित ठिकाणी लपलेले असतात. मिसो मुळात सोयाबीनचा, पण ‘दाशी’ म्हणजे जपानी सूपचा अर्क मिसळलेल्या मिसोत बोनिटो मासा असतो. थाई करी पेस्टमध्ये कोळंबीची पेस्ट, बाजारच्या किमचीत, म्हणजे कोबीच्या कोरियन लोणच्यात, फिश सॉस. ऑयस्टर सॉस कालवांचा, त्याचा शाकाहारी जोड मशरूमपासून करतात आणि तो उत्तम असतो. चव वाढवणाऱ्या क्रमांकांपैकी ६२१ म्हणजे अजिनोमोटो, तो वनस्पतिजन्य. ६२७, ६३१ आणि ६३५ मात्र मासे-मांसापासूनही करता येतात आणि आंबवूनही. तिथे ठिपक्याचाच आधार घ्यावा.

एकाच कंपनीच्या एकाच नावाच्या कोरियन नूडल्स भारतासाठी शाकाहारी आणि इतर देशांसाठी बीफच्या अर्काच्या असू शकतात. पाकिटाचा रंग ओळखीचा वाटला म्हणून टोपलीत टाकू नका.

प्रश्न : घरी किमची करायची आहे. गोचुगारूची लहान पिशवीसुद्धा फार महाग वाटते. लालबागची मिरची गल्ली दारात असताना ती घ्यायचीच का? आणि मागच्या वेळी किमची दोन दिवसांत आंबट ढाण झाली, ती का?
— एक वाचक, परळ

उत्तर : मिरची गल्लीतच जा. गोचुगारू म्हणजे बिया काढलेली, रव्यासारखी जाडसर दळलेली, रंग जास्त आणि तिखटपणा बेताचा अशी लाल मिरची. हे वर्णन ब्याडगीचेच. पाव किलो अख्खी ब्याडगी घ्या, देठ आणि बिया काढा, दिवसभर कडक ऊन द्या आणि मिक्सरमध्ये थांबून थांबून फिरवा. भाजू नका, भाजली की मसाल्याचा वास येतो. डंकावर देणार असाल तर ‘जाडसर, बियांशिवाय, तेल न लावता’ असे सांगा, नाहीतर सवयीने बारीक पूड हातात पडेल. बारीक पुडीने किमचीचा रस्सा चिखलासारखा होतो. तयार काश्मिरी तिखट नको, तेही बारीकच असते.

आता प्रमाण. चायनीज कोबी १ किलो, ४ सेंटिमीटरचे तुकडे. जाडे मीठ ६० ग्रॅम, वजन करूनच घ्या, कारण बारीक मिठाचा तोच कप भरला तर मीठ बरेच जास्त पडते. मीठ चोळून दीड-दोन तास ठेवा आणि दर अर्ध्या तासाने खालवर करा. जाड पांढरा देठ न मोडता वाकला की झाले. दोन-तीन पाण्यांनी धुऊन अर्धा तास चाळणीत निथळा आणि एक तुकडा चाखा : कोशिंबिरीपेक्षा थोडा जास्त खारट हवा. फारच खारट असेल तर अजून एकदा धुवा. नंतर दुरुस्ती होत नाही.

पाऊण कप पाण्यात एक चमचा तांदळाचे पीठ शिजवून खळ करा आणि पूर्ण गार करा. त्यात ३५ ते ४० ग्रॅम मिरची, सहा-सात लसूण पाकळ्या, इंचभर आले, अर्धे सफरचंद वाटून घाला, आणि दोन चमचे फिश सॉस किंवा सोया सॉस. १५० ग्रॅम मुळ्याच्या काड्या आणि कांद्याची पात मिसळून सगळे कोबीला चोळा. बरणीत दाबून भरा, वर चौथा हिस्सा मोकळा ठेवा. गच्च भरून झाकण आवळलेली बरणी वायूने फुटू शकते.

आंबट ढाण होण्याचे कारण आपली हवा. कोरियन पाककृतीत ‘बाहेर दोन दिवस’ लिहिलेले असते ते तिथल्या थंड हवामानाला धरून. मुंबईत ३० अंशांच्या वर १८ ते २४ तास पुरे, मे महिन्यात त्याहून कमी. बुडबुडे दिसले, किंचित आंबूस वास आला की फ्रीजमध्ये. तिथे ती सावकाश मुरत राहते. मीठ कमी पडले तर कोबी बुळबुळीत होतो. वर बुरशीचे केस दिसले तर वरचा थर काढून खाऊ नका, सगळी टाका. जास्त आंबलेली किमची मात्र वाया जात नाही, फ्राइड राइसला तीच चांगली.

साधा कोबी चालतो, फक्त मीठ लावून तासभर जास्त ठेवावा लागतो आणि चव थोडी उग्र येते.

प्रश्न : थाई ग्रीन करी कायम नारळाच्या दुधातल्या हिरव्या पाण्यासारखी होते. गवती चहा आणि आले घालते. चुकते कुठे?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : पेस्ट परतली जात नसावी. थाई पद्धतीत नारळाच्या दुधाची वरची दाट साय आधी कढईत घालून तेल सुटेपर्यंत आटवतात, त्या तेलात पेस्ट तीन-चार मिनिटे परततात, आणि मग उरलेले दूध. आपण वाटण परततो तेच. ५० ग्रॅम पेस्टला साधारण २५० मिलि दूध, दोघा-तिघांना पुरते.

अडचण डब्याची आहे. घटकांत ४३५, ४१२, ४६६ असे क्रमांक असतील तर ते दूध फुटू नये म्हणूनच घातलेले आहेत. असे दूध कितीही आटवा, तेल सुटत नाही. मग सरळ एक चमचा साधे तेल घेऊन पेस्ट परता. डबा निवडताना नारळाचा टक्का बघा, ६० च्या खाली असेल तर उरलेले पाणीच विकत घेता आहात. सोलकढीसाठी काढतो तसे पहिले घट्ट दूध घरी काढले तर याहून चांगले काही नाही. एका नारळाला एक कप कोमट पाणी पुरे, त्याहून जास्त घालू नका.

गवती चहा बरोबर आहे, पण आपण पाने वापरतो आणि करीला लागतो मुळाजवळचा पांढरा दांडा. बाजारात जुडी उलटी करून बघा, बुडखे पेन्सिलीएवढे जाड असतील तीच घ्या. आले मात्र गलांगल या थाई कंदाच्या जागी चालत नाही, गलांगलचा वास वेगळा, थोडा कापरासारखा. ताजे गलांगल दादर, भायखळा किंवा क्रॉफर्डच्या ‘इंग्लिश भाजी’वाल्यांकडे विचारा. काष्ठौषधीच्या दुकानातले वाळके कुलिंजन याच कुळातले आहे, पण लाकडासारखे. सूपमध्ये उकळून काढून टाकायला ठीक, वाटायला नाही. करीत पडणारी मकरुत या थाई लिंबाची जोडपाने मिळाली की जास्तीची घेऊन फ्रीजरमध्ये टाका, वर्षभर टिकतात.

ग्रीन करीत जांभळ्या देठाची गोड वासाची थाई बेसिल जाते, ती सब्ज्याच्याच जातीची. ‘पाद क्रपाव’ या थाई परतलेल्या चिकनमध्ये जी पडते ती थेट आपल्या तुळशीच्या जातीची, फक्त सौम्य. वृंदावनातली पाने चिकनमध्ये घालायला घरातून परवानगी मिळते का, हा प्रश्न आमच्या कक्षेबाहेरचा.

प्रश्न : थाई पाककृतीत वाळवलेली कोळंबी आणि कोळंबीची पेस्ट लागते. आमच्याकडे सोडे आणि जवळा आहे. चालेल?
— एक वाचक, वर्सोवा

उत्तर : सोडे बिनधास्त. आयात पाकिटापेक्षा तुमचेच सोडे बरे असतील. कोमट पाण्यात दहा मिनिटे भिजवा आणि मीठ शेवटी घाला. पेस्ट आंबवलेली असते, जवळा नुसता वाळवलेला. त्यामुळे चव अगदी तीच येणार नाही, पण दोन चमचे जवळा कोरडा भाजून, बारीक करून, अर्ध्या चमचा फिश सॉसमध्ये कालवला तर काम भागते. ज्यांच्या दारात समुद्र नाही त्यांनी मरोळच्या सुक्या मासळीच्या बाजारात जावे.

प्रश्न : सुशीसाठी जपानी तांदूळच हवा का? आणि सकाळी आणलेला ताजा रावस कच्चा वापरता येईल?
— एक वाचक, विलेपार्ले

उत्तर : रावस नाही. बाजारातला मासा कितीही ताजा असला तरी तो शिजवून खाण्यासाठी हाताळलेला असतो. कच्च्या माशातले परजीवी मारायला उणे २० अंशांवर सात दिवस लागतात. घरचा फ्रीजर तेवढा भरवशाचा थंड नसतो, आणि जंतू तर गोठवूनही मरत नाहीत. उकडलेली कोळंबी, काकडी, गाजर, ॲव्होकॅडो वापरा.

तांदळाचे उत्तर आनंदाचे आहे : इंद्रायणी. चिकटपणा पुरेसा आहे, वास थोडा वेगळा येईल. नवा तांदूळ असेल तर सव्वापट पाणी, जुना असेल तर दीडपट. हलक्या हाताने तीन-चार पाण्यांत धुवा, अर्धा तास भिजवा, शिजल्यावर दहा मिनिटे झाकून ठेवा. इंद्रायणीचा दाणा लवकर मोडतो, म्हणून कुकरच्या शिट्ट्या नकोत. ४०० ग्रॅम तांदळाला ६० मिलि राइस व्हिनेगर, दोन चमचे साखर, एक लहान चमचा मीठ. गरम भातात घालून उलथण्याने कापल्यासारखे मिसळा, घोटू नका. परात पितळेची किंवा ॲल्युमिनियमची नको, व्हिनेगरने भात कळकतो. ‘सीझन्ड’ राइस व्हिनेगर घेतले असेल तर त्यात साखर-मीठ आधीच आहे.

आंब्याच्या दिवसांत थाई चिकट भात करायचा असेल तर मात्र इंद्रायणी चालणार नाही. त्याला वेगळा चिकट तांदूळ लागतो, पाकिटावर ‘ग्लूटिनस’ लिहिलेले असले तरी त्यात ग्लूटेन नसते. आसामचा बोरा साऊळ त्याच जातकुळीचा. रात्रभर भिजवून मोदकपात्रात फडक्यावर २५ मिनिटे वाफवा. पाण्यात शिजवलात तर खळ होईल.

प्रश्न : तांदळाच्या नूडल्सचा दर वेळी लगदा होतो. पाकिटावर लिहिल्याप्रमाणेच उकळते.
— एक वाचक, कांदिवली

उत्तर : उकळू नका. परतायच्या चपट्या नूडल्स साध्या पाण्यात ३० ते ४५ मिनिटे भिजवा, वाकतील पण आतून कच्च्या असतील अशा. बाकीचे शिजणे कढईत दोन-तीन चमचे सॉस-पाण्यात दोन-तीन मिनिटांत होते. एका वेळी दोघांपुरत्याच करा. घरच्या शेगडीची आच चौघांच्या ढिगाला पुरत नाही, मग त्या वाफेवर शिजत बसतात आणि चिकटतात. बारीक शेवया गरम पाण्यात तीन-चार मिनिटे, मुगाच्या पारदर्शक नूडल्स कोमट पाण्यात दहा मिनिटे. रताळ्याच्या कोरियन नूडल्स मात्र सहा-सात मिनिटे उकळाव्याच लागतात. घेताना पिशवी हलवा, तळाशी चुरा असेल तर दुसरी घ्या.

प्रश्न : गोठवलेले मोमो, एडामामे आणि राइस केक दक्षिण मुंबईतून घरी न्यायचे तर कसे?
— एक वाचक, बदलापूर

उत्तर : खरेदीत सगळ्यात शेवटी घ्या, जाड थर्मल पिशवी न्या, बर्फाचे पॅक असतील तर खाली आणि वर ठेवा. गोठवलेल्या वस्तू एकमेकींना चिकटून ठेवल्या की जास्त वेळ थंड राहतात, भाजीच्या पिशवीत विखरू नका. दुकानातच पाकीट हलवून बघा : एडामामे (हिरवे कोवळे सोयाबीन) किंवा मोमो सुटे वाजले पाहिजेत. एकच गठ्ठा झाला असेल किंवा आत बर्फाचा भुगा असेल तर माल एकदा वितळून पुन्हा गोठला आहे. अशा मोमोंची पारी वाफवताना फाटते. घरी पोचेपर्यंत मऊ पडले पण गार असले तर पुन्हा गोठवू नका, त्याच दिवशी शिजवा. गारवाच गेला असेल तर मांस-मासळीचे टाकून द्या. एवढ्या लांबच्या प्रवासाला व्हॅक्यूम पाकिटातले, न गोठवलेले राइस केक सोयीचे. ते कडक झाले असतील तर वीस मिनिटे कोमट पाण्यात ठेवा.

थोडक्यात

*नोरी पावसाळ्यात चामट होते (दादर) :* पाकिटातली सिलिकाची पुडी फेकू नका, नोरी तिच्यासकट हवाबंद डब्यात ठेवा. मऊ पडलेला कागद मंद आचेवरून दोन-तीन सेकंद फिरवला की पुन्हा कुरकुरीत होतो.

*उघडल्यावर फ्रीजमध्ये काय ठेवायचे (चेंबूर) :* मिसो, गोचुजांग, करी पेस्ट, ऑयस्टर सॉस आणि आंबवलेला सोया सॉस. व्हिनेगर बाहेर चालते. गोचुजांगच्या पृष्ठभागावर प्लास्टिक दाबून बसवा, म्हणजे वरचा थर वाळून काळा पडत नाही.

*थायरॉइड असताना समुद्री शेवाळ (बोरिवली) :* ‘कोंबू’ हे जाड जपानी शेवाळ डॉक्टरांना विचारल्याशिवाय खाऊ नका. एक ग्रॅम कोंबूतही दिवसाच्या गरजेच्या कितीतरी पट आयोडीन असू शकते. नोरीत बरेच कमी.

*मुलांना रोज कोरियन नूडल्स (कल्याण) :* एका पाकिटात साधारण १५०० ते २००० मिलिग्रॅम सोडियम असते. जागतिक आरोग्य संघटनेची मोठ्या माणसाची दिवसाची मर्यादाच २००० च्या आत आहे, मुलांची त्याहून कमी. रोज नकोच. देताना मसाल्याची पुडी अर्धी घाला आणि सूप वाटीत उरू द्या.

*नळीतली वसाबी खरी का (प्रभादेवी) :* बहुधा नाही. हॉर्सरॅडिश हे दुसरेच तिखट मूळ, मोहरी आणि हिरवा रंग. नाकात जाण्याचे काम तीही चोख करते.

*रताळ्याच्या नूडल्स उपासाला (बदलापूर) :* घटकांत फक्त रताळ्याचा स्टार्च आणि पाणी असेल तर वस्तू म्हणून हरकत दिसत नाही, पण काहींत मक्याचा स्टार्च मिसळलेला असतो. सोया सॉस अर्थातच नाही. दाण्याचे कूट, हिरवी मिरची, जिरे आणि तूप घालून साबुदाण्याच्या खिचडीसारख्या परता. त्या उकळून गार पाण्यात धुतल्याशिवाय कढईत टाकू नका, गोळा होईल.